धौलीची टेकडी: खालचा शिलालेख आणि माथ्यावरचा शांती स्तूप

भुवनेश्वरच्या दक्षिणेला सुमारे आठ किलोमीटरवर, दया नदीच्या दक्षिण काठाला धौलीच्या ठेंगण्या टेकड्या आहेत. आजूबाजूचा प्रदेश सपाट आणि भातशेतीचा असल्यामुळे एरवी नजरेत न भरणारी ही उंचीही येथे ठळक दिसते, आणि माथ्यावरचा पांढरा शांती स्तूप तर दुरूनच ओळखू येतो. १९७२ मध्ये पूर्ण झालेला हा स्तूप आज भुवनेश्वर, पुरी आणि कोणार्क पाहायला निघालेल्या प्रवाशांचा ठरलेला थांबा आहे. माथ्याकडे चढणाऱ्या रस्त्याच्या कडेला मात्र एक खडक आहे, ज्यावर सम्राट अशोकाने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात आपले लेख कोरून घेतले. म्हणजे एकाच टेकडीवर शांततेशी निगडित अशी दोन स्मारके उभी आहेत आणि त्यांच्यामध्ये बावीस शतकांहून अधिक अंतर आहे.

या अभ्यासाचा प्रश्न त्यातूनच निघतो. एखाद्या जागी शांततेविषयीचा मूळ दस्तऐवज आधीच दगडावर कोरलेला असताना तेथे नवे शांतिस्मारक उभारले, तर ते त्या दस्तऐवजाला काय देते आणि त्याच्याकडून काय घेते? माझे मत आरंभीच नोंदवणे योग्य होईल. स्तूपासाठी जागा निवडणाऱ्यांनी ती विचारपूर्वक निवडली आणि जुन्या खडकाला धक्का लावला नाही, हे त्यांचे मोठेच श्रेय आहे. परंतु स्तूप सांगतो ती गोष्ट खालच्या खडकावर लिहिलेली नाही, आणि खडकावर जे लिहिले आहे ते स्तूप सांगत नाही. धौली समजून घ्यायची असेल तर ही तफावत नीट तपासावी लागते.

युद्ध आणि ठिकाण

कलिंगाच्या युद्धाविषयीची आपली जवळजवळ सगळी माहिती खुद्द विजेत्याकडूनच आलेली आहे. अशोकाच्या तेराव्या शिलालेखानुसार राज्याभिषेकाला आठ वर्षे झाल्यावर त्याने कलिंग जिंकले. इतिहासकार हे वर्ष साधारणपणे इ.स.पू. २६१ च्या आसपास धरतात. त्याच लेखात आकडेही आहेत: दीड लाख माणसे तेथून हलवली गेली, एक लाख मारली गेली आणि त्याच्या कितीतरी पट नंतर मेली. हे आकडे गोलाकार आहेत आणि त्यांची पडताळणी करण्याचे दुसरे साधन नाही. तरीही जिंकलेल्या राजाने स्वतःच्या विजयाचा हिशेब मेलेल्या आणि उखडल्या गेलेल्या माणसांच्या संख्येत मांडावा, ही गोष्ट प्राचीन जगाच्या राजलेखांत फार दुर्मीळ आहे.

युद्ध नेमके धौलीच्या पायथ्याशी झाले, दया नदीचे पाणी रक्ताने लाल झाले, असे मार्गदर्शक सांगतात आणि ओडिशातील लोकस्मृतीही तसे मानते. शिलालेखांत रणभूमीचा पत्ता दिलेला नाही. पुराव्याच्या आधारे एवढे मात्र सांगता येते की धौली हे एखादे निर्जन रणांगण नव्हते, तर एका महत्त्वाच्या शहराची ती वेस होती. धौलीपासून थोड्याच अंतरावर शिशुपालगड नावाच्या प्राचीन तटबंदीच्या नगराचे अवशेष आहेत, ज्यांचे उत्खनन १९४८ मध्ये बी. बी. लाल यांनी केले. जवळजवळ चौरस आखणी आणि प्रत्येक बाजूला दोन अशा आठ वेशी असलेले हे नगर म्हणजेच लेखांत उल्लेखिलेली तोसली असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. धौलीचे दोन स्वतंत्र लेख, म्हणजे प्रमुख शिलालेखांच्या मालिकेबाहेरचे लेख, तोसलीच्याच अधिकाऱ्यांना उद्देशून लिहिलेले आहेत. त्यामुळे हा खडक निवडण्यामागे युद्धाची आठवण जागवण्यापेक्षा कारभाराच्या केंद्राजवळ आज्ञा प्रसिद्ध करण्याचा हेतू अधिक असावा, असे मला वाटते. या भेदाचा पुढच्या सगळ्या चर्चेवर परिणाम होतो.

खडकाचे वाचन

१८३७ मध्ये लेफ्टनंट मार्कहॅम किट्टो यांनी हा लेख शोधला आणि त्याची नक्कल कोलकात्याला जेम्स प्रिन्सेप यांच्याकडे पोहोचली. त्याच सुमारास मुंबईचे डॉ. जॉन विल्सन यांनी घेतलेली गिरनारच्या लेखाची नक्कलही प्रिन्सेप यांच्या हाती आली होती. दोन्ही प्रती शेजारी ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आले की सौराष्ट्रातला खडक आणि बंगालच्या उपसागराजवळचा खडक बऱ्याच अंशी एकच मजकूर बोलत आहेत. ब्राह्मी लिपी त्यांनी नुकतीच उलगडली होती. भारताच्या दोन टोकांना एकाच राजाची एकच वाणी कोरलेली आहे हे त्या तुलनेतून पहिल्यांदा कळले, आणि म्हणून अशोकाच्या शोधाच्या इतिहासात धौलीचे स्थान पहिल्या पंक्तीतले आहे.

खडकाचा एक उतरता पृष्ठभाग घासून सपाट केला आहे आणि त्यावर तीन स्तंभांत, म्हणजे उभ्या रकान्यांत, मजकूर बसवला आहे. मधल्या स्तंभात पहिले सहा लेख येतात. उजव्या स्तंभात सातवा ते दहावा आणि चौदावा लेख असून त्यांच्या खाली दुसरा स्वतंत्र लेख आहे. डाव्या स्तंभात पहिला स्वतंत्र लेख आहे. मजकुराच्या वरच्या बाजूला अखंड खडकातून कोरून काढलेला हत्तीचा पुढचा भाग आहे. डोके, सोंड आणि पुढचे पाय एवढेच खडकातून बाहेर आले आहेत, उरलेले शरीर अजून दगडातच आहे असा भास होतो. ओडिशातील सर्वांत जुन्या शिल्पांमध्ये त्याची गणना होते. सारनाथच्या सिंहशीर्षावर दिसते तशी आरशासारखी झिलाई येथे नाही, अलंकरणही नाही. असे असूनही, किंबहुना त्यामुळेच, या हत्तीत एक संथ वजनदारपणा आहे, जो राजदरबारी शिल्पात सहसा आढळत नाही. सहाव्या लेखाच्या शेवटी ‘सेतो’, म्हणजे श्वेत, असा एक सुटा शब्द कोरलेला आहे. बुद्धाची आई मायादेवी हिच्या स्वप्नातल्या पांढऱ्या हत्तीशी, म्हणजेच बुद्धाशी, अभ्यासक त्याचा संबंध जोडतात. गिरनारलाही लेखांच्या अखेरीस श्वेत हत्तीचा उल्लेख आहे आणि कालसीच्या खडकावर हत्तीची रेखाकृती आहे, त्यामुळे हा संबंध पटण्याजोगा आहे. बुद्धाला मनुष्यरूपात दाखवण्याची प्रथा तेव्हा सुरू झालेली नव्हती. तिच्या आधीची ही खूण आहे.

आता मूळ मुद्दा. अशोकाचे प्रमुख शिलालेख चौदा. धौलीला त्यांतले अकरावा, बारावा आणि तेरावा हे तीन कोरलेले नाहीत. कलिंगातच, गंजाम जिल्ह्यातील जौगड येथेही हीच स्थिती आहे. तेरावा लेख म्हणजे नेमका तो, ज्यात कलिंगाच्या युद्धाचे वर्णन आहे आणि राजाने व्यक्त केलेले दुःख आहे. गिरनार, कालसी, शाहबाजगढी, मानसेरा, येर्रागुडी अशा दूरदूरच्या ठिकाणच्या लोकांना तो वाचायला मिळाला. कंदाहारला तर त्याचा ग्रीक अनुवादही सापडला आहे. ज्या भूमीवर ते सगळे घडले, त्या भूमीवर मात्र तो लिहिला गेला नाही.

याचा अर्थ कसा लावावा? पहिले उत्तर राजकीय आहे. जिंकलेल्या प्रजेसमोर आपल्या कृत्याची आकडेवारीसह कबुली देणे कोणत्याही सत्तेला अडचणीचे वाटेल. शिवाय तेराव्या लेखात खेदाबरोबर अटवीतल्या, म्हणजे जंगलातल्या, लोकांना दिलेली स्पष्ट ताकीदही आहे: देवांच्या प्रियाला, म्हणजे अशोकाला, पश्चात्ताप झाला असला तरी त्याच्यापाशी सामर्थ्य आहे, तेव्हा त्यांनी वेळीच सावरावे. हलवल्या गेलेल्या दीड लाख माणसांना परत आणल्याचा उल्लेख त्या लेखात नाही आणि कलिंगाचे राज्य परत दिल्याचाही नाही. दुसरे उत्तर जरा उदार आहे. ज्यांच्या घरातली माणसे गेली त्यांना मृतांची संख्या सांगण्याची गरज नव्हती. त्यांना यापुढे आपल्याशी कसे वागले जाईल हे कळण्याची गरज होती. चौदाव्या लेखात अशोक स्वतःच म्हणतो की सगळे सगळीकडे कोरलेले नाही, काही ठिकाणी स्थळाचा किंवा अन्य कारणाचा विचार करून, तर काही ठिकाणी लेखनिकाच्या चुकीमुळे मजकूर अपुरा राहिला आहे. धौलीला तीन लेख अनवधानाने सुटले असे मानणे कठीण आहे, कारण त्यांच्या जागी दोन नवे, खास लिहिलेले लेख आले आहेत.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. हे दोन स्वतंत्र लेख केवळ कलिंगासाठीच होते, असे दीर्घकाळ निश्चितपणे सांगितले जात असे. १९८० च्या दशकात कर्नाटकात भीमेच्या काठी सन्नती येथे चंद्रलांबा मंदिराच्या परिसरात कालीच्या मूर्तीखाली एक शिला सापडली, जिच्यावर बारावा व चौदावा लेख आणि हेच दोन स्वतंत्र लेख आहेत. त्यामुळे ‘कलिंगाला लपवण्यासाठी वेगळा मजकूर’ हे सोपे स्पष्टीकरण आता जसेच्या तसे टिकत नाही. तरी धौलीवर कोणता मजकूर आहे आणि कोणता नाही ही वस्तुस्थिती त्याने बदलत नाही, आणि आपल्या प्रकरणाला तेवढी पुरेशी आहे.

डाव्या स्तंभातली आज्ञा

पहिला स्वतंत्र लेख मी अशोकाच्या सगळ्या लेखनात सर्वांत महत्त्वाचा मानतो, त्यामुळे त्यावर थोडे थांबतो. तो तोसलीच्या महामात्रांना, म्हणजे वरिष्ठ अधिकाऱ्यांना, विशेषतः नगरातील न्यायदानाचे काम पाहणाऱ्या अधिकाऱ्यांना उद्देशून आहे. राजा त्यांना सांगतो की तुम्हाला हजारो जिवांवर नेमले आहे ते माणसांचा स्नेह मिळवण्यासाठी. ‘सवे मुनिसे पजा ममा’, सर्व माणसे माझी लेकरे आहेत, हे वाक्य येथे येते. आपल्या लेकरांचे इहलोकी आणि परलोकी कल्याण व्हावे असे जसे वाटते, तसेच सर्व माणसांविषयी वाटते, असे तो पुढे म्हणतो. हे वाक्य पाठ्यपुस्तकांत आणि भाषणांत फार वेळा उद्धृत होते, पण त्याच्या पुढचा भाग क्वचितच वाचला जातो.

पुढे राजा थेट एका ठोस अन्यायाकडे वळतो. एखाद्या माणसाला बंधन किंवा छळ सोसावा लागतो, कधी विनाकारण बंदिवास घडतो आणि त्यामुळे इतर पुष्कळांना दुःख होते. अशा प्रसंगी तुम्ही मध्यम मार्गाने, निःपक्षपातीपणे वागले पाहिजे. हे का जमत नाही याची कारणेही तो एकामागून एक देतो: मत्सर, शीघ्रकोप, निष्ठुरता, घाई, सरावाचा अभाव, आळस आणि थकवा. कोणत्याही काळातल्या न्यायालयात, तुरुंगात किंवा कचेरीत काम केलेल्या माणसाला ही यादी वाचताना ती आजच लिहिली असावी असे वाटेल. दुष्टपणाबरोबर आळस आणि थकवा हीसुद्धा अन्यायाची कारणे असतात, हे ओळखणारा राजा कारभार जवळून पाहिलेला असला पाहिजे.

लेख उपदेशावर थांबत नाही. विनाकारण कैद आणि छळ होऊ नये म्हणून दर पाच वर्षांनी एक महामात्र दौऱ्यावर पाठवला जाईल, जो कठोर नसेल, तापट नसेल आणि ज्याची कृती सौम्य असेल. उज्जयिनीचा राजपुत्रही असाच अधिकारी पाठवील, पण तीन वर्षांहून अधिक काळ जाऊ देणार नाही, आणि तक्षशिलेहूनही तसेच घडेल. म्हणजे देखरेखीची यंत्रणा, तिची मुदत आणि पाठवायच्या माणसाचा स्वभाव हे सगळे लेखी ठरवून दिले आहे. हा लेख तिष्य नक्षत्राच्या दिवशी लोकांना ऐकवावा, मधल्या काळातही संधी मिळेल तेव्हा ऐकवावा आणि ऐकणारा एकटा असला तरी ऐकवावा, अशीही आज्ञा आहे.

दुसरा स्वतंत्र लेख सीमेपलीकडच्या, अजून न जिंकलेल्या लोकांविषयी आहे. राजाचा आपल्याबद्दल काय विचार आहे, असा प्रश्न त्यांना पडत असेल, हे लेख गृहीत धरतो आणि उत्तर देतो: त्यांनी मला भिऊ नये, माझ्यावर विश्वास ठेवावा, माझ्याकडून त्यांना सुख मिळेल, दुःख नव्हे, आणि जे क्षमा करण्याजोगे आहे ते मी क्षमा करीन. ‘करण्याजोगे आहे ते’ ही मर्यादा लक्षात ठेवावी. हे राज्यकर्त्याचे बोलणे आहे, संन्याशाचे नाही.

पाचव्या लेखात राज्याभिषेकाच्या तेराव्या वर्षी नेमलेल्या धम्ममहामात्रांचा, म्हणजे धम्माचे काम पाहणाऱ्या अधिकाऱ्यांचा, उल्लेख असल्याने धौलीचे कोरीव काम युद्धानंतर निदान पाच वर्षांनी झाले, असा निष्कर्ष निघतो. खडकावर उतरली ती तत्क्षणाची भावना नव्हती. पाच वर्षे एक जखमी प्रांत चालवल्यानंतर आलेली ती समज होती. धौलीचा खडक शांततेची व्याख्या करत नाही. निरपराध माणूस कैदेत राहू नये, अधिकाऱ्याने चिडून निर्णय घेऊ नये आणि त्याच्यावर कोणीतरी लक्ष ठेवावे, एवढेच तो सांगतो. मला हे एवढेच फार मोठे वाटते.

स्तूप येथे कसा आला

माथ्यावरचा स्तूप दुसऱ्याच एका युद्धातून आला. निचिदात्सु फुजी हे जपानी भिक्षू १८८५ मध्ये जन्मले आणि १९८५ मध्ये वारले. निप्पोनझान म्योहोजी या संघाचे ते संस्थापक. तेराव्या शतकातल्या निचिरेन या जपानी भिक्षूच्या परंपरेत सद्धर्मपुंडरीक सूत्र या महायान बौद्ध ग्रंथाला सर्वोच्च स्थान आहे आणि एक दिवस धर्म जपानमधून पुन्हा भारतात जाईल असा विश्वास त्या परंपरेत रुजलेला आहे. याच विश्वासाने फुजी १९३० च्या दशकाच्या आरंभी भारतात आले. १९३३ मध्ये वर्ध्याला त्यांची महात्मा गांधींशी भेट झाली. ‘ना मु म्यो हो रें गे क्यो’ हा त्यांचा मंत्र पुढे आश्रमाच्या प्रार्थनेचा भाग झाला, आणि भारतात ते फुजी गुरुजी म्हणून ओळखले गेले.

हिरोशिमा आणि नागासाकीवरील अणुबॉम्बनंतर त्यांनी शांती स्तूप उभारण्याचे कार्य हाती घेतले. पहिला स्तूप जपानमध्ये कुमामोतो येथील हानाओका टेकडीवर १९५४ मध्ये उभा राहिला. भारतात राजगीरच्या रत्नगिरीवर विश्वशांती स्तूपाची पायाभरणी १९६५ मध्ये राष्ट्रपती सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते झाली आणि १९६९ मध्ये राष्ट्रपती वराहगिरी वेंकट गिरी यांनी त्याचे उद्घाटन केले. राजगीरची निवड धर्मग्रंथाने ठरवली होती, कारण सद्धर्मपुंडरीक सूत्राचा उपदेश जेथे झाला असे परंपरा मानते ते गृध्रकूट शेजारीच आहे. पुढे निप्पोनझान म्योहोजी आणि कलिंग निप्पोन बुद्ध संघ यांच्या सहकार्याने धौलीचा स्तूप उभारला गेला. येथे निवडीचे कारण ग्रंथ नव्हता, इतिहास होता. अणुयुद्धाने होरपळलेल्या देशातून आलेल्या माणसाला, युद्ध जिंकल्यावर त्याचा त्याग करणाऱ्या राजाची भूमी खुणावणे अगदी स्वाभाविक होते. धौलीची निवड मला त्यामुळे राजगीरपेक्षाही अधिक अर्थपूर्ण वाटते.

स्तूपाची रचना

धौलीचा स्तूप जुन्या भारतीय स्तूपाची मूळ अंगे कायम ठेवतो. सांचीला आपण जी पाहतो तीच ती अंगे: खाली मेधी म्हणजे चौथरा, त्यावर अंड म्हणजे भरीव अर्धगोल, त्याच्या वर हर्मिका म्हणजे चौकोनी कठडा, आणि छत्रे. धौलीला घुमटाच्या माथ्यावर पाच छत्रे आहेत. पायऱ्यांच्या दोन बाजूंना सिंह बसवलेले आहेत. आत शिरण्यासाठी दालन नाही. ही वास्तू भोवती फिरून, उजव्या हाताला ठेवून, प्रदक्षिणेने पाहायची असते. मुळात स्तूप हा अवशेषांवर रचलेला भरीव ढिगारा असल्यामुळे त्याची सगळी वास्तुभाषा बाहेरच्या पृष्ठभागावरच बोलते.

फरक त्या पृष्ठभागावर आहे. सांचीचे जुने शिल्पकार बुद्धाची जागा रिकामे आसन, पाऊलखुणा, बोधिवृक्ष किंवा चक्र दाखवून सुचवत असत. धौलीला चारही बाजूंच्या कोनाड्यांत बुद्धाच्या मोठ्या मूर्ती आहेत, त्यांत ध्यानस्थ मुद्रा आहे आणि महापरिनिर्वाणाची पहुडलेली मूर्तीही आहे. मधल्या भिंतींवर दगडी शिल्पपट आहेत. त्यांत बुद्धाच्या जीवनातील प्रसंग आहेत आणि शस्त्र खाली ठेवणारा अशोकही आहे. ही रचना फुजी गुरुजींच्या संघाच्या इतर शांती स्तूपांशी जुळणारी आहे. त्यामागे सद्धर्मपुंडरीक सूत्राचाच आधार आहे. त्या सूत्राच्या अकराव्या प्रकरणात पृथ्वीतून एक रत्नखचित स्तूप वर येतो, आकाशात स्थिर होतो आणि त्यात प्रभूतरत्न नावाचे प्राचीन बुद्ध व शाक्यमुनी, म्हणजे गौतम बुद्ध, शेजारी बसतात. निचिरेन परंपरेतल्या भिक्षूसाठी स्तूप हे मृताचे स्मारक राहत नाही. ते धर्म अजून जिवंत असल्याचे दर्शन होते. दुरून दिसावा, उंचावर असावा, पांढरा असावा, सर्व दिशांना बुद्धमुख असावे, हे आग्रह त्यातून समजतात. स्तूपाशेजारच्या विहाराचे नावही सद्धर्म विहार आहे. टेकडीवर जुने शिवमंदिरही आहे आणि त्याची पूजा चालू आहे, त्यामुळे माथा एका पंथाचा झालेला नाही, ही बाब धौलीच्या बाजूने नोंदवायला हवी.

वास्तू म्हणून स्तूपाचे सर्वांत मोठे यश मला त्याच्या स्थानात दिसते. वरच्या प्रदक्षिणापथावर फिरताना दया नदी, शेते आणि शहराकडचा सपाट प्रदेश एकामागून एक समोर येतो. पाहणाऱ्याच्या पाठीशी बुद्ध आणि समोर कलिंगाची भूमी अशी योजना आपोआप घडते. एकेका शिल्पाची कारागिरी विशेष असो वा नसो, ही योजना कोणत्याही चित्रापेक्षा अधिक परिणामकारक आहे. पांढरा रंग मात्र दुधारी आहे. तो दुरून माणसांना बोलावतो, आणि त्याच वेळी रस्त्याकडेचा काळपट खडक नजरेतून पार पुसून टाकतो.

दोन स्मारकांचा हिशेब

आता मूळ प्रश्नाकडे येतो. स्तूपाच्या शिल्पपटांत शस्त्र ठेवणारा अशोक आहे, म्हणजेच तेराव्या लेखातला, खेद व्यक्त करणारा अशोक आहे. अशोकाने तो मजकूर धौलीला लिहिला नव्हता. विसाव्या शतकाने तो टेकडीवर आणून बसवला. एका अर्थाने ही दुरुस्ती आहे, कारण कलिंगाच्या भूमीवर जो खेद कधी जाहीर झाला नाही तो आता तेथे दगडात आहे, आणि तो आणणारे विजेत्याचे वारस नव्हते, तर दुसऱ्याच एका उद्ध्वस्त देशातले भिक्षू आणि त्यांचे स्थानिक सहकारी होते. मला या घटनेबद्दल मनापासून आदर वाटतो.

पण त्याची किंमतही आहे. पश्चात्तापाची कथा राजाची असते. तिच्या केंद्रस्थानी तलवार टाकणारा एक माणूस असतो, आणि मेलेले व हलवलेले लोक त्याच्या हृदयपरिवर्तनाचे निमित्त होऊन मागे पडतात. खालच्या खडकावरची कथा प्रजेची आहे. तिच्यात विनाकारण कोंडलेला कैदी आहे, थकलेला अधिकारी आहे, सीमेपलीकडे धास्तावलेला शेजारी आहे. या कथेचे शिल्प करणे अवघड आहे हे मान्यच करायला हवे. पाच वर्षांनी येणाऱ्या तपासनीसाची मूर्ती कोण घडवील? तरीही स्तूपाच्या योजनेत त्या मजकुराला एखाद्या फलकाएवढी, कोरीव ओळीएवढी जागा मिळायला हवी होती असे माझे ठाम मत आहे. ‘सर्व माणसे माझी लेकरे आहेत’ ही ओळ आणि तिच्या लगेच पुढची कैद्याविषयीची ओळ या दोन्ही एकत्र माथ्यावर असत्या, तर खाली उतरताना खडकापाशी थांबायला कारण मिळाले असते.

व्यवस्थेच्या बाजूने पाहता, शिलालेख भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे आणि तो ऊन, पाऊस व हात यांपासून वाचवण्यासाठी बंदिस्त केलेला आहे. संरक्षणासाठी ते आवश्यकच आहे. पण वाहने सरळ माथ्यापर्यंत जात असल्याने बंदिस्त खडक आणि खुला, उजळ स्तूप यांची स्पर्धा असमान होते. यावर फार खर्चिक उपाय लागत नाही. भेटीचा क्रम बदलला, म्हणजे आधी खडक आणि मग माथा अशी वाट आखली आणि मार्गदर्शकांनी पहिल्या स्वतंत्र लेखाचा अनुवाद तेथे उभे राहून वाचला, तर दोन्ही स्मारके एकमेकांना पूरक होतील. जो वाचक तेथे जाणार असेल त्यालाही मी हाच क्रम सुचवेन. हत्ती पाहून झाल्यावर डाव्या स्तंभाचा अनुवाद पूर्ण वाचावा, आणि मगच वर जाऊन प्रदक्षिणा करावी.

दरवर्षी धौलीला नृत्याचा महोत्सव भरतो आणि स्तूपाच्या पार्श्वभूमीवर ओडिसीसह अनेक नृत्यप्रकार सादर होतात. त्या महोत्सवाची सुरुवात पहिल्या स्वतंत्र लेखाच्या जाहीर वाचनाने करावी, आधी ओडियात आणि मग इतर भाषांत, अशी माझी सूचना आहे. वाचन ठरावीक दिवशी व्हावे आणि श्रोता एकच असला तरी टाळू नये, ही अट लेखातच घातलेली असल्यामुळे त्यासाठी वेगळा विधी शोधण्याची गरज नाही.